शिसपेन्सिलीची वही

नमस्कार, श्रोतेहो.

आज माझ्या आईविषयी बोलणार आहे. ती गायची. पण तिचा आवाज तुम्हाला ऐकवता येणार नाही. कारण तो कुठेच नाही, ना तबकडीवर, ना टेपवर. १९६० च्या श्रावणात, तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती आणि मी अकरा. माझी धाकटी मुलगी आता तिच्याहून वीस वर्षांनी मोठी आहे. हा हिशेब मी अधूनमधून करते आणि दर वेळी मला तो चुकल्यासारखा वाटतो.

नारायण पेठेत, नदीच्या बाजूला, एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. गाणं शिकायला आईला ना गुरू मिळाला, ना पेटी. माहेरी मंगळागौरीची, भोंडल्याची गाणी म्हणायची, तेवढंच. सासरी तर आजीला सुनेचं गाणं फारसं रुचायचं नाही. ती रागावायची नाही, फक्त आतून हाक मारायची, "सूनबाई, दूध बघ गं." दूध बहुधा तापत ठेवलेलंही नसायचं. आई गप्प व्हायची आणि स्टोव्हला पंप मारताना, त्याच्या आवाजाआड, तुटलेली ओळ पुढे न्यायची. हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या. ती दोनदा नाही म्हणायची, तिसऱ्यांदा जमिनीकडे बघत सुरू करायची. एकदा सुरू झाली की मात्र सगळी कडवी म्हटल्याशिवाय थांबायची नाही.

वाड्यात रेडिओ एकच, मालकांकडे. तेव्हा रेडिओचा परवाना दर वर्षी पोस्टात पैसे भरून घ्यावा लागे, आणि परवाना आपण भरतो म्हणजे आवाज किती मोठा ठेवायचा हेही आपणच ठरवायचं, असं मालकांचं मत होतं. पण १९५५ च्या रामनवमीपासून त्यांनी रेडिओ दारात आणून ठेवला. त्या दिवशी, १ एप्रिलला, शुक्रवारी सकाळी पावणेनऊला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर शुक्रवारी एक नवं गाणं, आणि तेच पुन्हा शनिवारी आणि रविवारी सकाळी. वर्षाची ५२ व्हायची, पण अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत, हे तुम्ही ऐकलं असेल. आमचे मालक तर रेडिओसमोर बसताना टोपी घालत.

आई साडेआठच्या आत पोळ्या उरकायची. कडेवर माझा धाकटा भाऊ, हातात चाळीस पानी वही आणि शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा. शुक्रवारी ऐकू येईल ते भराभर उतरवायचं. सुटलेल्या शब्दाला आडवी रेघ. शनिवारी त्या रेघा भरायच्या. रविवारी पेन्सिल कानामागे खोचून नुसतं ऐकायचं. माणिक वर्मांचं गाणं असलं की रविवारी भाऊ माझ्या कडेवर यायचा. दुपारी सगळी निजली की ती दौत-टाक काढून दुसऱ्या, पुठ्ठ्याच्या वहीत तेच गाणं वळणदार अक्षरात लिहायची. समासात शाईची वेल.

आई गेली त्यानंतर वर्षभरातच, १२ जुलै १९६१ ला, सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. पाणी ओसरल्यावर वाड्याची मागची भिंत नव्हती. तिची ट्रंक चिखलातून उकरून काढली. लुगडी गेली होती. शाईची वही उघडली तर आत पानोपान नुसता निळा डाग. एक अक्षर उरलं नव्हतं.

शिसपेन्सिलीची वही मात्र वाळल्यावर जशीच्या तशी वाचता आली. शिसं पाण्यात विरघळत नाही, हे मला शाळेत कोणी सांगितलेलं नव्हतं.

ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. मी ती वाचते म्हणजे काय करते, ते सांगते. तिला सरगम लिहिता येत नव्हती, म्हणून तिनं स्वतःच्या खुणा केल्या आहेत. सूर चढतो तिथं अक्षरावर डोंगरासारखी रेघ. श्वास घ्यायचा तिथं टिंब. ही टिंबं माझ्या श्वासाला पुरत नाहीत. तिचा दम मोठा होता, हे मला या वहीतूनच कळलं. मध्येच 'रतीब तीन पावशेर', 'धोबी ११ नग'. एका गाण्याखाली 'हे पाठ करायचे'. आणि जिथं तीन दिवस ऐकूनही शब्द लागला नाही, तिथं तिनं सरळ आपला शब्द घातला आहे. छापील पुस्तक घेऊन मी ताडून पाहिलं, असे शब्द सात आहेत. मी ती गाणी आजही तिच्याच शब्दांनी म्हणते. गदिमांनी क्षमा करावी.

वहीत गाणी पंचावन्नच आहेत. एका पानावर शुक्रवारची तारीख आहे आणि खाली गाण्याऐवजी आकडे. पहाटे ४ ला १०२. सकाळी ८ ला १०३. पुढे दर दोन तासांनी, शनिवार, रविवार, सगळे शिसपेन्सिलीत. सोमवारी ९९, आणि त्याच्यापुढे टिंब. मला गोवर आला होता.

त्या आठवड्यात कोणतं गाणं लागलं होतं, ते मी पुढे शोधून काढलं. तेही मला आता पाठ आहे. कुठं श्वास घ्यायचा, ते मात्र माझं मीच ठरवलंय.

नमस्कार.