अपटाइमचा अभिमान कशासाठी?

मंडळी, नवी मुंबईच्या महापे-रबाळे-ऐरोली पट्ट्यात इतकी डेटा सेंटर झाली आहेत की तुमच्यातले बरेच जण इथून थेट रात्रपाळीला जाणार असतील. म्हणून प्रस्तावना नको. ‘आमचा सर्व्हर तीन वर्षं एकदाही बंद केलेला नाही’ हा अपटाइम, म्हणजे न थांबता चालल्याचा काळ, आपण छाती फुगवून सांगतो. मला ते ऐकून धास्ती वाटते.

कारण तीन वर्षं न थांबलेला सर्व्हर म्हणजे झाकली मूठ. तो चालतोय हे दिसतं. बंद पडला तर पुन्हा उठेल का, हे कुणालाच ठाऊक नसतं. मधल्या काळात कुणीतरी घाईत हाताने एक राऊट, म्हणजे नेटवर्कचा मार्ग, टाकलेला असतो. आयपीटेबल्सचा, म्हणजे फायरवॉलचा, नियम लावला, सेव्ह केला नाही. सर्व्हिस स्टार्ट केली, पण बूट होताना आपोआप सुरू व्हावी म्हणून एनेबल करायची राहिली. स्टोरेज माउंट झालं, म्हणजे जोडलं गेलं, पण बूट होताना काय जोडायचं त्या यादीत, एफएसटॅबमध्ये, नोंदच नाही. एन्क्रिप्टेड डिस्कचा पासफ्रेज ज्याला माहीत होता, तो नोकरी सोडून गेला. ही सगळी देणी एकाच दिवशी अंगावर येतात, आणि तो दिवस आपण निवडलेला नसतो.

शिवाय कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. पॅच, म्हणजे दुरुस्ती, डिस्कवर उतरला तरी मेमरीत जुनाच कर्नल चालत राहतो. २०१६ मध्ये उघड झालेल्या लिनक्स कर्नलमधल्या ‘डर्टी काऊ’ दोषामुळे साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होता येत होतं. तिथे अपटाइम जपणं म्हणजे दार उघडं ठेवणं. लाइव्ह पॅचिंगची, म्हणजे रीबूट न करता कर्नल दुरुस्त करण्याची, सोय लिनक्सच्या ४.० आवृत्तीत, २०१५ साली आली. जरूर वापरा, पण प्रत्येक बदल तिच्यातून करता येत नाही. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी बदलली तर मात्र ती वापरणाऱ्या सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की भागतं.

म्हणून दर रविवारी पहाटे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्रॅम, लावून रीबूट करायचं का? नाही. कारण विचारलं की ‘मेमरी भरते’ म्हणतात. अहो, लिनक्स मोकळी मेमरी कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवण्यासाठी, वापरतंच. ‘फ्री’ नव्हे, ‘अव्हेलेबल’चा आकडा बघा. खरोखर मेमरीची गळती असेल तर रीबूटने पुरावाच पुसला जातो.

अपवाद आहेत. बोइंग ७८७ विमानात सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रणं एकदम बंद पडू शकतात, असं आढळल्यावर २०१५ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने ठरावीक मुदतीत वीज बंद-चालू करण्याचा आदेश काढला. शतांश सेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर, चिन्हासह, बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतो. असा दोष माहीत असेल तर दुरुस्ती येईपर्यंत कॅलेंडर लावून रीबूट कराच.

एरवी रीबूट करायचा तो पॅचसाठी आणि सर्व्हर पुन्हा उठतो का या परीक्षेसाठी. शनिवारी रात्री दोनला तर मुळीच नको. काम स्टँडबायवर, म्हणजे राखीव सर्व्हरवर, वळवा आणि मंगळवारी सकाळी अकराला करा. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, जागेवर असतो, व्हेंडर फोन उचलतो. त्याआधी आयपीएमआय कन्सोलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बंद असतानाही मशीन दुरून हाताळायच्या सोयीवर, लॉगिन होतंय ना, एवढं तपासा. मशीन बूटमध्येच अडकलं तर एसएसएच, म्हणजे नेहमीचं दुरून लॉगिन, कामाला येणार नाही.