असल उत्तरचा चिखल

हा समोर उभाय तो पॅटन टँक. नगरच्या टँक म्युझियममध्ये सुट्टीच्या दिवशी गेलात तर पोरं ह्याच्यासमोरच सेल्फी काढत असतात. अमेरिकन बनावट, 90 मिलिमीटरची तोफ. आता जरा इकडे बघा, हा शर्मन, दुसऱ्या महायुद्धातला, 1965 मध्येच म्हातारा झालेला. ह्याच म्हाताऱ्यांची एक रेजिमेंट, डेक्कन हॉर्स, त्या सप्टेंबरात, भारत-पाक युद्धात, पंजाबात सीमेजवळच्या खेमकरणच्या मागे उभी होती आणि तिचे कमांडंट होते आपले लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य.

समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे टँकांचं मोठं दल, तिचे प्रमुख मेजर जनरल नासिर अहमद खान. त्यांचा प्लॅन कागदावर एकदम झकास, खेमकरण घ्यायचं आणि तिथून सुसाट ब्यास नदीच्या पुलाकडे, पूल गेला की अमृतसर मागून तुटलंच. खेमकरण त्यांनी घेतलंही. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनच्या काही तुकड्यांची तोवर दाणादाण उडालेली, ते कशाला लपवायचं. पण मेजर जनरल गुरबक्ष सिंगांनी उरलेले लोक मागे असल उत्तर गावापाशी आणले आणि रांग लावली ती सरळ नाही, घोड्याच्या नालेसारखी. मॅपवर बघा, तोंड उघडं ठेवलंय, या आत म्हणून.

आणि मग कालवा फोडला. ज्यानं रात्रपाळीला उसाला पाणी दिलंय त्याला सांगायला नको, भरलेल्या वावरात रिकामी बैलगाडीसुद्धा रुतते, इथे तर 44-45 टनांचं धूड. माणसापेक्षा उंच ऊस, खाली पाणी, पॅटनच्या आतल्या माणसाला पुढचं काही दिसेना. शर्मनचा गोळा पॅटनच्या नाकाडावर मारून उपयोग नव्हता, म्हणून आपले लोक उसात दबा धरून बसायचे, तो रुतला, वळायला लागला, कूस दिसली की मग फायर. ब्रिगेडियर थिओगराज यांच्या आर्मर्ड ब्रिगेडचे सेंचुरियन टँकही होतेच. 8 तारखेपासून नासिर खान कधी इकडून कधी तिकडून धडका देत राहिले आणि 10 तारखेला मोठी धडक दिली, तीही त्याच चिखलात.

ही आपल्या पायदळातले हवालदार अब्दुल हमीद यांची समाधी. जीपवरच्या रिकॉइललेस गननं, म्हणजे टँक फोडणाऱ्या हलक्या तोफेनं, पॅटन फोडता फोडता ते इथेच गेले. परमवीर चक्र.

त्याच लढाईत पाकिस्तानी तोफखान्याचे ब्रिगेडियर शमी पाहणी करत पार आपल्या लाइनीपर्यंत आले आणि मारले गेले. त्यांना आपल्या सैन्यानं मानवंदना देऊन दफन केलं.

भारतीय हिशोबानं 97 टँक फुटले किंवा पकडले गेले, खेमकरण मात्र युद्धबंदीपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं, ताश्कंद करारानंतर परत मिळालं.

वैद्यांना महावीर चक्र, 1971 च्या युद्धात बसंतरच्या लढाईत तेच परत एकदा, 1983 ला लष्करप्रमुख. 10 ऑगस्ट 1986 ला पुण्यात भर रस्त्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि आपल्याकडे वैद्य म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं, असल उत्तर विचारलं तर दहातल्या नऊ जणांना गाव कुठंय तेही सांगता येत नाही.

हा खेमकरणजवळच्या भिखीविंड गावाचा जुना फोटो. पकडलेले टँक असे रांगेनं आणून लावले होते, लोक त्याला पॅटननगरच म्हणायला लागले. मोजायचे असतील तर व्हिडिओ पॉज करा.