सैल झालेला स्क्रू कुणाला कळवायचा?

[दृश्य : कामाचं टेबल. शिकंज्यात धरलेला गुडघ्याखालचा कृत्रिम पाय. ॲलन की एका स्क्रूत बसते.]

सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कप) आणि खालची नळी यांच्यामधला हा चार उतरत्या बाजूंचा तुकडा म्हणजे पिरॅमिड. त्याच्यावर चारही बाजूंनी चार सेटस्क्रू दाबून बसतात. एक सैल करायचा, समोरचा आवळायचा, की पायाचा कोन तेवढाच सरकतो. चालताना गुडघा बाहेर फेकला जातोय का, टाच वेळेआधी उचलली जातेय का, हे बघत बघत या चार स्क्रूंवर अलाइनमेंट, म्हणजे पायाच्या भागांची रेषा आणि कोन, जमवलं जातं. ते जमलं की शेवटचं काम उरतं : स्क्रूच्या आट्यांवर थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) थेंब आणि टॉर्क रेंचनं ठरलेला ताण. बरेच उत्पादक 15 न्यूटन-मीटर सांगतात, पण आकडा त्या त्या भागासोबतच्या पत्रकातूनच घ्यावा. हाताच्या अंदाजानं आवळलेला स्क्रू कमी पडतो तसा जास्तही होतो, आणि दोन्ही वाईटच.

तीन आठवड्यांनी पाय वापरणारा माणूस परत येतो. पाऊल टेकलं की टक् असा आवाज. प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पाय बसवणारा, स्क्रू आवळतो, आवाज थांबतो, माणूस घरी जातो. फाइलमध्ये दोन शब्द : 'स्क्रू आवळला.'

दुसऱ्या गावातल्या क्लिनिकमध्येही त्याच महिन्यात तेच होतं. तिसऱ्यातही. प्रत्येकाला वाटतं, आपल्याच हातून काहीतरी राहिलं. कदाचित तसंच असेल. कदाचित थ्रेडलॉकरची मुदत संपलेली असेल. कदाचित त्या खेपेतल्या स्क्रूंमध्येच दोष असेल. कदाचित सगळे एकाच ठिकाणी शिकलेले असतील आणि तिथे ही शेवटची पायरी शिकवायची राहून जात असेल. एका टेबलावर बसून यातलं नेमकं काय झालंय ते ओळखता येत नाही. त्यासाठी दहा टेबलांवरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. व्यावसायिक संघटनेची खरी गरज इथे सुरू होते.

[दृश्य : नोंदीचा एक पानाचा फॉर्म. पेन रकान्यांवरून फिरतं.]

उपयोगी पडणारी नोंद एका पानाची असते. भागाचा क्रमांक आणि लॉट (खेपेचा) क्रमांक. बसवल्याची तारीख, बिघाड दिसल्याची तारीख. वापरणाऱ्याचं वजन आणि त्याच्या हालचालीचा स्तर. टॉर्क किती दिला, थ्रेडलॉकर लावला होता का. पाय शेवटचा कधी तपासला. दोन फोटो, एक लांबून आणि एक जवळून. रुग्णाचं नाव नको, चेहराही नको.

भाग तुटलेला असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. तो धुवायचा नाही, टाकून द्यायचा नाही आणि 'कसा तुटला बघू' म्हणून दोन तुकडे एकमेकांवर जुळवूनही पाहायचे नाहीत. तुटलेल्या पृष्ठभागावरच्या खुणांवरून धातू हळूहळू थकून तुटला की एका झटक्यात, ते कळतं. तुकडे एकमेकांवर घासले की त्या खुणा पुसल्या जातात. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, वर तारीख. आणि उत्पादकाला, तसंच जिथे कायद्यानं बंधन असेल तिथल्या नियामक यंत्रणेला, कळवणं हे आधीचं काम. संघटनेला पाठवलेली प्रत त्याच्या जागी चालत नाही.

[दृश्य : जुन्या पद्धतीचं चामड्या-लोखंडाचं कॅलिपर, शेजारी पॉलिप्रॉपिलिनचं एएफओ (घोट्या-पावलाचा आधार).]

संघटना नोंदी गोळा करते, तशी भाषाही ठरवते. या कामाचं मोल बाहेरच्यांना पटकन दिसत नाही.

एकेकाळी पायाच्या ऑर्थोसिसला, म्हणजे बाहेरून लावायच्या आधाराला, शॉर्ट लेग ब्रेस, लाँग लेग ब्रेस अशी नावं होती. काहींना ते बनवणाऱ्याचं नाव, काहींना रुग्णालयाचं, काहींना शहराचं. डॉक्टरनं चिठ्ठीवर एक लिहावं आणि दोनशे मैलांवरच्या ऑर्थोटिस्टनं दुसरंच बनवावं, असं घडायचं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अस्थिशल्यविशारद आणि ऑर्थोटिस्ट समित्यांमध्ये एकत्र बसले आणि साधं तत्त्व ठरवलं : ऑर्थोसिस ज्या सांध्यांवरून जातं, त्या सांध्यांवरून त्याचं नाव. घोटा आणि पाऊल घेतलं तर एएफओ. त्यात गुडघा आला तर केएएफओ. नितंबाचा सांधाही आला तर एचकेएएफओ. नावासोबत प्रत्येक सांध्याला काय करायचंय तेही लिहायचं : मोकळा सोडायचा, मदत करायची, रोखायचा की पूर्ण जखडायचा. आज जगभरचे विद्यार्थी ही नावं पहिल्या वर्षात पाठ करतात. त्यामागे कुणीतरी बैठकांत घालवलेले तास आहेत, एवढं त्यांना सांगायला हवं.

मांडीच्या सॉकेटचंही असंच झालं. 1980च्या दशकात जुन्या चौकोनी सॉकेटला पर्याय म्हणून नवे आकार आले. आडवी रुंदी कमी, बसण्याचं हाड सॉकेटच्या आत घेतलेलं. पण एक त्याला कॅट-कॅम म्हणे, दुसरा नॉर्मल शेप नॉर्मल अलाइनमेंट, तिसरा नॅरो एमएल. तत्त्वं बरीचशी तीच, वाद मात्र नावांचे. 1987 मध्ये मायामीत या विषयावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, वेगवेगळ्या पद्धतींनी काम करणारे समोरासमोर आले, आणि पुढे 'इस्कियल कंटेनमेंट' (बसण्याचं हाड आत घेणं) हे सर्वांना सामावणारं नाव रूढ झालं. ती कार्यशाळा आयएसपीओची, म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी फॉर प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सची.

ही संस्था 1970 मध्ये कोपनहेगनमध्ये स्थापन झाली. तिची घडण मुद्दाम मिश्र ठेवलेली आहे. प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट यांच्याबरोबर शल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट, अभियंते, सगळ्यांना एकच सदस्यत्व. 1977 पासून तिचं संशोधनपत्र निघतं. देशोदेशी तिच्या सदस्य-संस्था आहेत. याशिवाय फक्त व्यावसायिकांच्या, फक्त क्लिनिकचालकांच्या, फक्त तंत्रज्ञांच्या संघटना असतात. नवख्यानं सभासद होताना आधी एवढंच विचारावं : ही संघटना कुणाच्या वतीनं बोलते? वापरणाऱ्यांच्या सेवेच्या दर्जाबद्दल, व्यावसायिकांच्या हक्कांबद्दल की धंद्याच्या दरांबद्दल? तिन्ही कामं रास्त आहेत. ती एकाच टेबलावर, एकाच दमात करायला गेलं की गोंधळ होतो.

[दृश्य : चाचणी यंत्र. कृत्रिम पायावर पुन्हा पुन्हा भार पडतोय. मोजणीचे आकडे पुढे सरकतात.]

आता जिथे व्यावसायिकाचा सहभाग सगळ्यात कमी असतो आणि सगळ्यात जास्त हवा असतो, त्या जागी येऊ. मानकं.

पायाच्या प्रोस्थेसिसच्या मजबुतीची चाचणी आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या, 10328 या मानकानुसार होते. यंत्र टाच टेकतानाचा आणि चवडा सुटतानाचा भार देतं, आणि चक्रीय चाचणीत हे 30 लाख वेळा होतं. भारांचे स्तर वापरणाऱ्याच्या वजनावर बेतलेले आहेत : पी3 साठी 60 किलो, पी4 साठी 80, पी5 साठी 100, पी6 साठी 125. हे आकडे ठरवताना खोलीत अभियंते असतात, उत्पादकांचे प्रतिनिधी असतात, चाचणी प्रयोगशाळांचे लोक असतात. रोज रुग्ण पाहणारा माणूस क्वचित असतो.

आणि त्याच्याकडेच ती माहिती असते. क्लिनिकच्या काट्यावर 78 किलो भरणारा माणूस कामावर 40 किलोचं ओझं खांद्यावर घेतो. पायाच्या दृष्टीनं तो 118 किलोचा झाला. वजनाची मर्यादा पाहून भाग निवडताना कोणतं वजन धरायचं, हे सूचनापत्रकात स्पष्ट नसेल तर चूक होणारच. असं निरीक्षण मानकापर्यंत, निदान पत्रकाच्या मजकुरापर्यंत, पोचवता येतं. वाट ठरलेली आहे.

आयएसओमध्ये या विषयाची तांत्रिक समिती आहे, क्रमांक 168. तिच्याकडे व्यक्तीनं थेट मत द्यायचं नसतं, देशाच्या मानक संस्थेमार्फत द्यायचं असतं. त्या संस्थेच्या समितीत व्यावसायिक संघटनेचा प्रतिनिधी असतो, किंवा असायला हवा. मसुदा डीआयएस (आंतरराष्ट्रीय मानकाचा मसुदा) या टप्प्यावर आला की मतदानाला 12 आठवडे मिळतात. यातले पहिले दोन-तीन आठवडे मसुदा सभासदांपर्यंत पोचण्यातच जातात. पुढच्या, म्हणजे एफडीआयएसच्या (अंतिम मसुद्याच्या), टप्प्यावर 8 आठवडे असतात, पण तिथे तांत्रिक बदलाची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा आलेली चांगली सूचनाही पुढच्या आवृत्तीसाठी बाजूला ठेवली जाते. म्हणून तारखा सचिवाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हव्यात.

मत नोंदवण्याचा तक्ता ठरलेला असतो. कलमाचा क्रमांक, परिच्छेद, सूचनेचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), कारण, आणि सुचवलेला मजकूर. शेवटचा रकाना रिकामा राहिला की सूचना जवळजवळ मेलीच. 'हे कलम व्यवहारात चालत नाही' एवढंच लिहिलं तर समिती त्याचं काय करणार? नवं वाक्य लिहून द्यावं लागतं, शब्दाला शब्द. ते लिहायला पंधरा मिनिटं लागतात, आणि बहुतेक जण नेमकी तीच देत नाहीत.

[दृश्य : छोटं सभागृह. पडद्यावर सॉकेटचा फोटो, शेजारी मोजमापांचा तक्ता.]

परिषदेत केस मांडणं हा सहभागाचा सगळ्यात ओळखीचा प्रकार. तो चांगला व्हायचा तर तयारी पहिल्या मापाच्या दिवसापासून हवी.

वापरणाऱ्याची लेखी संमती आधी, आणि ती फोटोंसाठी वेगळी. चालण्याचा वेग मोजायचा तर दोन्ही टोकांना 2 मीटर मोकळी जागा सोडून मधल्या 10 मीटरची वेळ घ्यायची. आधी आणि नंतर तेच बूट, तीच फरशी, शक्यतो तोच मोजणारा. अलाइनमेंटचा फोटो समोरून आणि बाजूनं, ओळंब्याच्या दोरीसह. सॉकेट बसण्याआधी आणि चालून आल्यावर स्टंपची (कापल्यावर उरलेल्या पायाची) त्वचा : लाली कुठे, किती वेळ टिकली.

सगळ्यात नेहमीची चूक अशी : सॉकेट बदललं, लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ अस्तर) बदलला, पाऊलही बदललं, आणि सुधारणेचं श्रेय लायनरला दिलं. ऐकणारा घरी जाऊन फक्त लायनर बदलतो आणि फसतो. एका वेळी एकच बदल करणं शक्य नसेल तर तसं सरळ सांगावं. न जमलेल्या केसेस तर जरूर मांडाव्यात. स्टंपवर दोनदा फोड आले, तिसऱ्या सॉकेटला थांबले, यातून श्रोत्याला पहिल्या दोन सॉकेटमधली चूक कळते. यशाच्या दहा स्लाइडमध्ये ते मिळत नाही.

अशा परिषदांचे श्रेयांक नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोजले जातात. ते आवश्यक आहेत. पण खुर्चीत बसलेले तास मोजले म्हणून शिकणं मोजलं जात नाही, हे आयोजकांनी लक्षात ठेवावं.

[दृश्य : कार्यशाळा. प्लास्टरचा साचा घासणारे हात, हवेत धूळ.]

आता खोलीत कोण नसतं ते पाहू. आयएसपीओच्या 2018च्या शिक्षण-मानकांत तीन व्यवसाय-स्तर आहेत : प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, सहयोगी प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट आणि तंत्रज्ञ. संघटनांच्या कार्यकारिणीत तिसरा स्तर फारसा दिसत नाही. मग धूळ ओढणाऱ्या यंत्राचा, लॅमिनेशनच्या (राळेचे थर चढवतानाच्या) वाफांचा, मास्कचा विषय अजेंड्यावर येतच नाही, कारण तो सोसणारा टेबलाशी नसतो. दिवसा बैठक ठेवली की एकट्यानं क्लिनिक चालवणाराही गळतो. ज्याचं क्लिनिक बंद राहतं त्याला रजा महाग पडते. संध्याकाळची, तासाभराची, लिखित अजेंड्याची बैठक यावरचा साधा उपाय आहे.

पाय वापरणारी माणसंही हवीत, आणि एक नव्हे, निदान दोन. एकट्या व्यक्तीवर सगळ्यांच्या वतीनं बोलण्याचा भार पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं आयएसपीओच्या सहकार्यानं 2017 मध्ये प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स सेवांची मानकं प्रसिद्ध केली. एकूण 60, चार भागांत : धोरण, उत्पादनं, मनुष्यबळ आणि सेवा. समितीनं दर बैठकीत त्यातलं एकच घ्यावं, आपल्या भागात ते कुठवर पाळलं जातं याची कागदावर नोंद करावी, आणि ती नोंद धोरण ठरवणाऱ्यांकडे न्यावी. तक्रारीपेक्षा असा कागद त्यांना जास्त ऐकू येतो.

पुरवठादारांच्या पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. त्यांच्या मदतीशिवाय बहुतेक परिषदा होत नाहीत. पण वक्ते कोण असावेत हे प्रायोजकानं ठरवू नये. आणि ज्या सभासदाचा एखाद्या उत्पादनाशी आर्थिक संबंध आहे, त्यानं तो बैठकीच्या सुरुवातीला सांगावा, इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि त्या विषयाच्या मतदानावेळी बाहेर थांबावं. यात कुणाचा अपमान नाही.

[दृश्य : एक फाइल या हातातून त्या हातात.]

संघटना बहुधा थकव्यानं खचतात. तीन-चार जण सगळं ओढतात, पाच वर्षांनी एकाच वेळी बाजूला होतात, आणि नव्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून पदाची मुदत दोन वर्षं, आणि निम्म्याच जागा एका वेळी बदलायच्या. नव्या सभासदानं एकच समिती घ्यावी, महिन्याला दोन तास कबूल करावेत आणि ते पाळावेत.

पदभार देताना फाइलमध्ये काय असावं? सभासदांची चालू यादी. मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं. बँकेतल्या सह्यांचे बदल. खात्यांचे पासवर्ड. बिघाडांच्या नोंदी, लॉट क्रमांकानुसार लावलेल्या, आणि उत्पादकांकडून कोणत्या नोंदीचं उत्तर अजून यायचंय त्याची खूण. मानकांच्या मसुद्यांवर पाठवलेल्या सूचना, आणि प्रत्येकीपुढे समितीनं दिलेला निर्णय : स्वीकारली, बदलून स्वीकारली, नाकारली.

आणि सगळ्यात वर, पहिल्या पानावर, पुढच्या मतदानाची शेवटची तारीख.