रिकाम्या गाडीची हवा

नमस्कार श्रोतेहो.

तेंदूपत्त्याचा हंगाम आला की गडचिरोलीच्या जंगलात फडांकडे, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागांकडे, पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. पोती भरून बाहेर येणारा ड्रायव्हर त्यातल्या त्यात सुखी असतो. रिकामी गाडी घेऊन आत जाणाऱ्याची मात्र हाडं खिळखिळी होतात. मुरूम वाहून गेलेला, खालची दगडी सोलिंग उघडी पडलेली, मध्येच नाल्यावरचा रपटा, आणि मागचा हौदा सारखा उडतोय. दोष जातो पाट्यांना, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना. "पाटे कडक आहेत, एक काढून टाक," हा सल्ला गॅरेजसमोरच्या बाकड्यावर फुकट मिळतो. माझं म्हणणं असं, की पाट्यांना हात लावू नका. आधी मागच्या चाकांतली हवा बघा.

रिकाम्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर साधारण साडेतीनशे किलो भार असतो. दीड टन माल चढला की तोच हजार किलोच्या आसपास जातो. म्हणजे जवळपास तिप्पट. हवा मात्र आपण एकदाच भरतो, मालाच्या हिशेबाने, समजा ६० पाउंड, म्हणजे दर चौरस इंचाला ६० पाउंड दाब. माल उतरला तरी ती ६०च राहते. त्यामुळे रिकाम्या गाडीचा टायर दगडावरून जाताना दबतच नाही, उसळतो.

थोडं गणित करू. ६० पाउंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.२ किलो दाब. साडेतीनशे किलोचा भार पेलायला तेवढ्या हवेत ८३ चौरस सेंटिमीटर टायर जमिनीला टेकला की पुरे. हीच हवा ४० पाउंडांवर आणली की १२५ चौरस सेंटिमीटर टेकावा लागतो. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण फरक खरा आहे. टेकण्याची ही जागा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते, म्हणून सैल चाक मुठीएवढा दगड पोटात घेऊन पुढे जातं. कडक चाकाला त्याच्यावर चढावं लागतं, आणि चाकाबरोबर अख्खा अ‍ॅक्सल चढतो. लहान, टोकदार आणि पाठोपाठ येणारे धक्के पाट्यांपर्यंत पोचण्याआधी मरायला हवेत. ते काम टायरचं. पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या मुरमाच्या रस्त्यावर हे लगेच जाणवतं. कंबरेलाही, आणि स्टिअरिंग धरलेल्या हातांनाही.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकनांनी पाण्यात आणि जमिनीवर चालणारा डक नावाचा सहाचाकी ट्रक बनवला. पुढे त्याच्या ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येऊ लागली. किनाऱ्याच्या वाळूवर कमी, पक्क्या रस्त्यावर जास्त. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वनखात्याने हीच सोय ओंडके वाहणाऱ्या ट्रकांवर तपासली. भरलेल्या गाडीला एक हवा, रिकाम्या परतीला त्याहून कमी. ड्रायव्हरची पाठ वाचली, आणि जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर लाटा आणि चाकोऱ्याही कमी पडल्या. रस्ता दुरुस्तीचा खर्च सोसणाऱ्या खात्याला त्यात रस असणारच.

आपल्याकडे ही सोय नाही. आपल्याकडे व्हॉल्व्हची पिन आणि अंगठ्याचं नख. त्यामुळे जरा जपून. रिकाम्या पिकअपला पाव हिस्सा हवा उतरवली तरी फरक पडतो. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मी तरी उतरवणार नाही, आणि पुढच्या चाकांची तर त्याहूनही कमी उतरवीन, कारण इंजिनाचं वजन माल असो-नसो त्यांच्यावरच असतं. मीटर लावूनच उतरवा. लाथ मारून हवा ओळखणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

ट्यूबचा टायर असेल तर मी आणखी हात आखडता घेईन. हवा फार कमी झाली की टायर रिंगवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हची नळी मुळातून फाटते. शिवाय सैल टायरचं पोट बाहेर येतं. तोडलेल्या बांबूचे खुंट नेमके त्याच उंचीवर असतात, आणि बाजूला पडलेली चीर पंक्चरवाला जोडून देत नाही. म्हणून पायवाटेसारख्या अरुंद रस्त्यावर हवा उतरवण्याआधी कडेला काय उभं आहे ते पाहा.

मागे जोडचाकं असलेल्या मोठ्या ट्रकांना हे सांगणं लागू नाही. तिथे हवा उतरली की दोन टायर एकमेकांना घासतात, तापतात, आणि मध्ये अडकलेला दगड दोघांनाही खातो. भरलेल्या गाडीलाही नाही, मग ती कोणतीही असो.

उतरवलेली हवा डांबरी रस्ता लागण्याआधी परत भरावी लागते. सैल टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकला की तापतो, आणि मे महिन्यातल्या विदर्भाच्या डांबरावर ताशी ७० च्या वेगाने तो फुटू शकतो. जंगलात ताशी २०-२५ ला हा धोका फारसा नाही. एटापल्ली, भामरागडकडच्या आतल्या रस्त्यांवर बाहेर पडल्या पडल्या हवेची टाकी सापडेल या भरवशावर राहू नका. बॅटरीला चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर सीटखाली असू द्या. लायटरच्या खोबणीत खुपसायचा खेळण्यासारखा असतो, तो पिकअपच्या टायरला फार वेळ घेतो. कंप्रेसर नसेल तर हवा उतरवू नका, धक्के खा.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. महामार्गावरून तापून आलेला टायर पाच-सहा पाउंड जास्त दाखवतो. तो आकडा धरून उतरवली तर थंड झाल्यावर तेवढीच कमी भरेल. आणि स्टेपनीची हवा मात्र पूर्ण ठेवा, मालाच्या हिशेबाची. ती लावायची वेळ आली तर तिथल्या तिथे उतरवता येते.

नमस्कार.