दोन प्रोग्रामच्या मधली फाइल

(सोलापुरातील कारखाने व सहकारी संस्थांच्या संगणक विभागांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, 'ॲप्लिकेशनच्या नोंदींवरून जोखीम कशी ठरवायची'. तिकडे येतोच. पण आधी नोंद कशाची करायची ते बोलू, कारण खरी गफलत तिथेच होते.

नोंदवही, म्हणजे वापरातल्या ॲप्लिकेशनची वही, मागितली की एक एक्सेल शीट पुढे येते. टॅली, पगाराचं सॉफ्टवेअर, हजेरीचं मशीन, समोर व्हेंडरचं नाव आणि एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, तारीख. ही झाली खरेदीची यादी. यातलं एक बंद पडलं तर दुसऱ्याचं काय होईल, हे त्यावरून कुणालाही सांगता येत नाही.

टॉवेलवाले बरेच बसलेत, म्हणून विचारतो. टेरीच्या मागावर बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेले रूळ, किती? दोन. एक जमिनीच्या धाग्यांचा, एक लूपच्या. दोन्ही बीम उत्तम भरलेत म्हणून टॉवेल निघतो का? जमिनीचा ताण घट्ट आणि लूपचा सैल, हा हिशेब जमला तरच लूप उभा राहतो. ॲप्लिकेशनचंही असंच असतं. त्यांच्या मधे काय चालतं ते लिहा, हे माझं आजचं मुख्य मागणं आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणा. पॅकिंगच्या काट्यावरची वजनं एका पीसीत साठतात. रात्री एक वाजता विंडोजच्या टास्क शेड्युलरमधलं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतलं, एक टास्क त्यांची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची, फाइल करून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकतं. सकाळी सहाला बिलिंगचा प्रोग्राम ती उचलतो, त्यावरून बिल होतं, जीएसटीच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड येतो, मालवाहतुकीचं ई-वे बिल निघतं, गाडी सुटते. काटा नोंदवहीत आहे, बिलिंगही आहे. मधलं टास्क कुठेच नाही.

आता ते टास्क ज्याच्या लॉगिनने चालतं तो माणूस नोकरी सोडतो. एचआरचा मेल येतो, आयटीवाले त्याचं खातं त्याच दिवशी बंद करतात. त्यांनी नियमाप्रमाणेच केलं. रात्री टास्क चालत नाही. शेड्युलरमध्ये काम फसल्याचा कोड उमटतो, पण ती खिडकी रोज उघडून बघतो कोण? फोल्डरमध्ये कालची फाइल तशीच पडलेली असते. बिलिंगचा प्रोग्राम फाइल आहे का एवढंच बघतो, तारीख बघत नाही. तो कालची वजनं घेऊन आजची बिलं करतो. कुठेही लाल अक्षर दिसत नाही, हीच यातली मोठी अडचण. चूक गिऱ्हाइकाच्या गोदामात उघड होते. आयआरएन रद्द करायला 24 तास असतात, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. मुदत गेली की क्रेडिट नोट आणि सगळी निस्तरानिस्तर.

म्हणून दोन प्रोग्रामच्या मधल्या प्रत्येक जोडाची एक ओळ लिहा. डेटा कुठून येतो, कुठे जातो, किती वाजता, कुठल्या फोल्डरमधून, कुणाच्या लॉगिनने. फाइल आली नाही तर कुणाला आणि कसं कळतं. आणि हाताने करायची वेळ आली तर कोण करेल. शेवटचे दोन रकाने बहुतेक ठिकाणी रिकामे निघतात. तिथेच जोखीम बसलेली असते.

हे जोड शोधायचे कसे? व्हेंडरला विचारून अर्धेच कळतात. प्रत्येक सर्व्हरवरच्या टास्क शेड्युलरची पूर्ण यादी काढा आणि कुठलं काम कुणाच्या नावाने चालतं तो रकाना वाचा. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असेल तर एजंटचे जॉब, म्हणजे त्याची ठरल्या वेळची कामं, आणि लिंक्ड सर्व्हर, म्हणजे त्याला जोडलेले दुसरे सर्व्हर, बघा. फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहाऱ्याचे, लॉग (ये-जा केल्याच्या नोंदी) किमान महिनाभराचे घ्या, कारण काही जोड महिनाअखेरीलाच जागे होतात. मग बिलिंगच्या क्लार्कशेजारी तासभर बसा. पेन ड्राइव्हवरून फाइल नेणं, मॅक्रोची एक्सेल, व्हॉट्सॲपवर येणारी रेटलिस्ट, हे कुठल्याच लॉगमध्ये सापडत नाही. आणि डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि कधी संपतो, तेही लिहा.

प्रत्येक प्रोग्रामच्या आत काय भरलंय तेही लिहायला हवं. लॉगफोरजे ही लॉग लिहिणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम आत वापरतात असा तयार कोड. डिसेंबर 2021 मध्ये तिच्यातली सुरक्षेची त्रुटी उघड झाली तेव्हा पॅच लगेच आला होता. पण ती लायब्ररी आपल्या कुठल्या प्रोग्रामच्या पोटात आहे, हेच लोकांना माहीत नव्हतं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं राहिलीत. तर जोखीम.

प्रत्येक ॲप्लिकेशनला दोन आकडे द्या. किती तास बंद चालेल, हा आरटीओ, लायसन्सवाला नव्हे. आणि किती वेळाचा डेटा गेला तर पुन्हा भरता येईल, हा आरपीओ. हे आकडे धंदा बघणाऱ्यांकडून घ्या, आयटीने मनाने भरू नयेत. आरपीओ एक तास लिहिलाय आणि बॅकअप रोज रात्री एकदाच होतो, तर ती तफावत तशीच्या तशी जोखमीच्या वहीत उचला. मग जोडांवरून तो आकडा फाइल देणाऱ्यापर्यंत नेऊन ताडून बघा. चार तासांत उभं राहायलाच हवं अशा बिलिंगला फाइल देणारा पीसी दोन दिवस बंद चालेल असं लिहिलं असेल, तर दोन्हींतलं एक खोटं आहे. सपोर्ट संपल्याची तारीख लिहा: विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा 10 ऑक्टोबर 2023 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. म्हणून लॉग कुठे असतात तो रकाना हवाच.

नोंदवही वर्षातून एकदा फिरून तपासा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज 68 लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तसं प्रत्येक जोडापाशी स्वतः जा, टास्क उघडा, कालच्या फाइलची वेळ बघा. आणि वहीची एक छापील प्रत तिजोरीत ठेवा, वर छापल्याची तारीख घालून. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर सर्व्हरवरची वहीही त्याच कुलपात जाते.