ज्यानं चिकटवलं, त्यानंच सोडवावं

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या वडिलांकडे व्हॉल्व्हचा जुना रेडिओ होता. मागं पुठ्ठ्याचं झाकण, त्याला चार स्क्रू. झाकण काढलं की आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला. कुठली तार कुठं जाते, सगळं त्यावर. बनवणाऱ्यानं दुरुस्त करणाऱ्यासाठी ठेवलेली चिठ्ठीच ती. लहानपणी मी ते झाकण कितीदा उघडलं असेल! शाळेत मुलांना स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवलंच पाहिजे, मुलींना तर आधी, असं माझं ठाम मत आहे.

असो. मागच्या वर्षी माझ्या टॅबची बॅटरी फुगली. दुरुस्तीवाल्याकडे नेला. बाहेर एकही स्क्रू नाही. त्यानं कडा गरम हवेनं तापवल्या, प्लॅस्टिकची पातळ पट्टी आत सरकवली, आणि काचेला तडा गेला. काच निघाली तर आत बॅटरीही गोंदानं घट्ट बसवलेली. तिथं त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "ताई, ही लिथियमची बॅटरी. उचकटताना टोचली गेली तर पेट घेईल. ज्यानं चिकटवली ना, त्यालाच सोडवायला सांगा."

मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाई नव्या मॉडेलची माहिती द्यायला लागल्या. मी म्हणाले, "नवा नकोय मला. जुना परत घ्याल का?" त्यांना हा प्रश्न कुणी विचारलाच नसावा. "विचारून कळवते," म्हणाल्या. अकरा दिवसांनी टॅब पाठवायचा पत्ता मिळाला. तोवर टॅब घराबाहेर, वाळूच्या बादलीत.

ज्यानं चिकटवलं, त्यानंच सोडवावं. १९९० मध्ये स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट या संशोधकांनी हेच मांडलं. वस्तू विकली म्हणून बनवणारा मोकळा होत नाही. ती टाकाऊ झाली की गोळा करणं, सुटी करणं, धातू परत मिळवणं, हा खर्च त्याचा. पुन्हा सांगते, खर्च त्याचा. म्हणजे वस्तू आखतानाच तो विचार करेल, इथं गोंद लावू की स्क्रू?

युरोपनं २००३ मध्ये तसा कायदा केला, पुढं इतर अनेक देशांनीही केला. तरी २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची.

मला खटकतं ते वेगळंच. बऱ्याच ठिकाणी कंपन्या मिळून हा कचरा गोळा करणारी एक संस्था चालवतात आणि विकलेल्या मालाच्या वजनानुसार पैसे भरतात. म्हणजे स्क्रू लावणारा आणि गोंद लावणारा, दोघांना किलोमागं सारखाच भार! मग स्क्रू कोण लावेल? जे उघडायला अवघड, त्याला जास्त शुल्क हवं. फ्रान्समध्ये काही वस्तूंसाठी असं कमीजास्त शुल्क आहे. आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या छोट्या उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. साध्या अवजारांनी, तापवल्याशिवाय. त्या दुरुस्तीवाल्याला मी हे मुद्दाम सांगून आले.

तुमच्याकडे एखादी बॅटरी फुगली असेल तर ती चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. आणि कंपनीला फोन करून विचारा, "जुना परत घ्याल का?" अकरा दिवस लागले तरी विचारा.

नमस्कार.