घराबाहेरचे दिवे: आधी पाणी, मग उजेड

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, विषय दिव्यांचा असला तरी आज माझा बराचसा वेळ पाणी आणि माती यांवर जाणार आहे. घराबाहेर कायमचं वायरिंग करून दिवे बसवायचे म्हटलं की आपण आधी दिवा बघायला लागतो. कुठल्या आकाराचा, किती वॉटचा, भिंतीवर की पायवाटेच्या कडेला? हे सगळं पुढे कधीही बदलता येतं. पण जमिनीत गेलेली केबल, तिचे जॉइंट आणि तिच्या सोबतची अर्थची तार एकदा मातीआड गेली की दहा-वीस वर्षं तिकडे कोणी बघत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

हे काम स्वतः करावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर असं की यातलं बरंचसं काम स्वतः करता येतं आणि करावंही. आखणी, खोदकाम, पाइप टाकणं, केबल ओढणं, दिव्यांची बैठक भक्कम करणं ही कष्टाची आणि चिकाटीची कामं आहेत. घरमालक ती जितक्या आस्थेनं करतो तितक्या आस्थेनं क्वचितच कोणी करतं. मेन बोर्डातली जोडणी आणि शेवटची तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. कुठे किती काम स्वतः करायला परवानगी आहे, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते खोदायच्या आधी माहीत हवेत. आणि वायरमनला चर बुजवायच्या आधी बोलवा. माती टाकून झाल्यावर तो काय बघणार?

आता मुख्य मुद्दा. घरात कोरड्या फरशीवर, पायात चपला घालून उभा असलेला माणूस आणि बाहेर ओल्या गवतात अनवाणी उभा असलेला माणूस, यांच्यातला फरक वीज लगेच ओळखते. ओल्या अवस्थेत हातापासून पायापर्यंत शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरू. दाब २३० व्होल्ट असेल, तर शरीरातून सुमारे २३० मिलीअँपिअर जातील, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी. बोर्डात बसवलेल्या सहा अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, याचा पत्ताही लागत नाही. तिचं काम केबल जळू न देणं हे आहे आणि ते ती चोख करते. माणसाला वाचवण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

किती प्रवाहानं काय होतं, याचा पद्धतशीर अभ्यास बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी केला. हातात धरलेली जिवंत तार माणसाला स्वतःहून कुठवर सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं. पुरुषांत सरासरी १६ मिलीअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा. त्यापलीकडे हाताचे स्नायूच आवळून बसतात आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. हा अभ्यास मनात धरूनच त्यांनी १९६१ साली गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारं उपकरण तयार केलं. आज आपण ज्याला आरसीसीबी किंवा आरसीबीओ (म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डब्यात) म्हणतो, ते याच जातीचं उपकरण.

त्याचं तत्त्व फार सुंदर आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असेल तोवर त्या कड्यात काहीच घडत नाही. थोडा प्रवाह जरी माणसातून किंवा ओल्या मातीतून दुसऱ्या वाटेनं निघून गेला, तरी तोल बिघडतो आणि खटका पडतो. घरगुती वापरात बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ३० मिलीअँपिअर आहे, अमेरिकेत ती ५ च्या आसपास. ५ मिलीअँपिअरला हात अजून सुटू शकतो. ३० ला कदाचित नाही सुटणार, म्हणून तिथे सगळी भिस्त वेगावर असते. गळती या मर्यादेच्या पाचपट झाली की चाळीस मिलीसेकंदांच्या आत पुरवठा तुटलाच पाहिजे, असं मानक सांगतं. बाहेरच्या दिव्यांच्या सर्किटला हे संरक्षण नसेल, तर माझ्या मते ते सर्किट चालू करायचा हक्कच कोणाला नाही. आणि हेही ध्यानात ठेवा, की एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर हे उपकरण काहीही करणार नाही. त्याच्या हिशेबात जावक-आवक जुळलेलीच असते.

बाहेरच्या दिव्यांना स्वतंत्र आरसीबीओ द्या. म्हणजे एखाद्या दिव्यात पाणी शिरलं तरी फक्त बाहेर अंधार होईल, घरातला जिना आणि स्वयंपाकघर उजेडात राहील. तसंच दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल जवळ आहे म्हणून तो उसना घेऊ नका. मग प्रवाह एका वाटेनं जातो, दुसऱ्या वाटेनं येतो आणि काहीही बिघडलेलं नसताना खटका पडत राहतो. वैतागलेला माणूस शेवटी ते संरक्षणच काढून टाकतो. यातला खरा धोका तो आहे.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज मी वारंवार ऐकतो: ‘बागेतच एक रॉड ठोकला आणि दिव्याचा खांब त्याला जोडला, की झालं.’ नाही होत. हिशेब करून बघा. ठोकलेल्या एका रॉडचा मातीशी रोध पन्नास ओहम असणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. फेज खांबाला लागला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सहा अँपिअरची एमसीबी हा प्रवाह खुशाल वाहू देईल आणि तो खांब दिवसरात्र जिवंत राहील. म्हणून अर्थची तार केबलसोबतच बोर्डापर्यंत परत आणायची आणि प्रत्येक धातूच्या दिव्याला, प्रत्येक धातूच्या खांबाला ती जोडायची. दुहेरी इन्सुलेशनच्या दिव्याला, म्हणजे ज्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला, अर्थ लागत नाही. तरीही केबलमध्ये ती तार ठेवा. उद्या तिथे कोणी धातूचा दिवा बसवेल.

आता पाण्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाहेरच्या वायरिंगमध्ये पुढे होणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. दिव्यावर आयपी ६५ असं छापलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणारा. तो पाण्यात बुडालेला चालेल असा त्याचा अर्थ मुळीच नाही. जमिनीत गाडलेल्या दिव्याभोवती पाणी साचतं. तिथे निदान ६७ हवा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी दिलेला. आणि खाली खडीचा थर हवाच, म्हणजे साचलेलं पाणी मुरून जाईल. कारण पाणी काही अर्ध्या तासानं उठून जात नाही.

पण पाऊस थेट आत येतो, त्यापेक्षा दिवा पाणी ओढून घेतो असंच जास्त घडतं. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते आणि फटीतून थोडी बाहेर पडते. दिवा विझला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या वेळी केबल ग्लँडवर, म्हणजे केबल आत शिरते तिथल्या आवळून बसणाऱ्या तोंडावर, पाण्याचा थेंब बसलेला असेल तर तोही आत जातो. रोज रात्री हा श्वासोच्छ्वास चालू असतो. शिवाय बारीक तारांच्या केबलमध्ये तारांच्या मधल्या जागेतून पाणी केशाकर्षणानं चढत जातं. एका टोकाचा जॉइंट ओला झाला तर काही मीटर दूरच्या कोरड्या पेटीतही हिरवी पडलेली तांब्याची टोकं सापडतात.

यावरचे उपाय साधे आहेत, पण एकही गाळून चालत नाही. केबल पेटीत वरून कधीही आणू नका. ती खालून किंवा बाजूनं आणा आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. ग्लँड केबलच्या जाडीचाच घ्या. गोल ग्लँडमध्ये चपटी केबल कधीच नीट बसत नाही. भिंतीवरच्या दिव्याच्या मागे सिलिकॉन भरताना वरची बाजू आणि दोन्ही कडा बंद करा, खालची उघडी ठेवा, कारण आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी. आणि कृपा करून बाहेरच्या जॉइंटला फक्त टेप गुंडाळू नका. टेपचा चिकटपणा उन्हापावसात संपतो. जेल भरलेली पेटी किंवा रेझिन ओतून बंद केलेला जॉइंट वापरा. शक्य असेल तर जमिनीखाली जॉइंट करूच नका. केबल एका दिव्यातून दुसऱ्या दिव्यात अखंड न्या आणि प्रत्येक जोड जमिनीच्या वर, उघडता येईल अशा जागी ठेवा.

पाइपबद्दलही सांगतो. पाइपात टाकली म्हणजे वायर कोरडी राहते, हा भ्रम आहे. जमिनीतल्या पाइपात दव साचून का होईना, आज ना उद्या पाणी होतंच. म्हणून आत जाणारी केबलही ओल्या जागेसाठीच बनवलेली हवी. घरात वापरतो त्या सुट्या वायरी तिथे चालणार नाहीत. पाइप नसेल तर आर्मर्ड केबल, म्हणजे पोलादी तारांचं कवच असलेली केबल, घ्या. खोलीचा नियम स्थानिक असतो. ४५ पासून ७५ सेंटीमीटरपर्यंतचे आकडे वेगवेगळ्या देशांत दिसतात. मागे कारण एकच आहे, की कुदळीचा घाव तिथवर पोचू नये. केबलखाली आणि वर वाळू, मग माती, आणि वरच्या थरात इशाऱ्याची रंगीत पट्टी टाका. चर उघडा असताना मोजपट्टी आडवी ठेवून फोटो काढा आणि नकाशा बोर्डाच्या दारावर आतून चिकटवा. खोदण्यापूर्वी आधीच्या पाण्याच्या, गॅसच्या आणि विजेच्या लाइनी कुठून गेल्यात ते शोधलंच पाहिजे, हे वेगळं सांगत नाही.

बारा व्होल्टचे दिवे बसवू का, असं खूप जण विचारतात. बागेतल्या पायवाटेसाठी तो चांगला मार्ग आहे, शॉकचा धोका जवळपास संपतो. मात्र हिशेब बदलतो. १०० वॉटचे दिवे ३० मीटरवर आहेत असं समजा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन साठ मीटरचा रोध पाऊण ओहमच्या थोडा आत येतो. २३० व्होल्टला प्रवाह अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी, म्हणून वाटेत व्होल्टचा तिसरा हिस्सा जातो. कोणाच्या लक्षातही येणार नाही. १२ व्होल्टला तोच प्रवाह आठ अँपिअरच्या वर जातो आणि वाटेतच सहा व्होल्ट संपतात. निम्मे! शेवटचा दिवा मिणमिणतो आणि लोक दिव्याला दोष देतात. जाड तार घ्या, २४ व्होल्ट घ्या, किंवा २३० व्होल्टचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर रांगेच्या मधोमध ठेवा. मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना ओझं निम्मं आणि अंतरही निम्मं होतं, म्हणून घट चौथाईवर येते. ट्रान्सफॉर्मर सुरक्षित विलगीकरणाचाच हवा, म्हणजे दिव्यांची बाजू मेनच्या बाजूपासून पूर्ण अलग ठेवणारा. आणि कमी व्होल्ट म्हणजे आग लागत नाही असं समजू नका. आठ अँपिअर सैल स्क्रूमधून गेले तर स्क्रू तापतोच.

काम करताना लाइन बंद केली, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. टेस्टर आधी जिवंत पॉइंटवर लावून बघा, मग आपल्या तारेवर, मग पुन्हा जिवंत पॉइंटवर. मधल्या वेळी टेस्टरच बिघडला नाही ना, हे तिसऱ्या पायरीवर कळतं. निऑनच्या पेचकस टेस्टरवर जिवाची जोखीम टाकू नका, दोन टोकांचा टेस्टर वापरा. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल, तर मेन बंद केल्यावरही दुसरीकडून वीज येऊ शकते. तोही पुरवठा तोडून त्याला कुलूप लावा. काम संपल्यावर वायरमन मेगरनं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरनं, ५०० व्होल्टला इन्सुलेशन तपासेल, निदान एक मेगाओहम यायला हवं. त्याआधी एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना योग्य वीज पुरवणारी छोटी सर्किटं, सोडवून ठेवा, नाहीतर तपासणीतच ते जातील.

उजेडाबद्दल आता थोडक्यात. उजेड हवा तिथे पायाशी पाडा, डोळ्यात नको. झाकण असलेला, खाली बघणारा दिवा निम्म्या वॉटमध्ये जास्त दाखवतो, कारण डोळे दिपत नाहीत आणि सावलीतलंही दिसतं. रंग उबदार निवडा, २७०० केल्विन किंवा त्याहून कमी. निळसर उजेडावर कीटक जास्त येतात. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दिवे लावलेल्या जागी फुलांवर येणाऱ्या निशाचर परागवाहकांच्या फेऱ्या अंधाऱ्या जागेच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आपल्या कुंपणाच्या आतही हेच घडतं, म्हणून रात्रभर जळणारे दिवे मला खरोखर नको वाटतात. हालचाल ओळखणारा सेन्सर लावा, पण तो वाटेला आडवा बघेल असा. त्याच्याकडे सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच.

शेवटी एका श्रोत्यानं विचारलं, की जुनं वायरिंग आहे, दिवे लागताहेत, तर ते उकरून काढायचं का? आधी उकरू नका. आरसीसीबी आहे का ते बघा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर त्या दिवसापासून सर्किट बंद. पडला तर वायरमनकडून इन्सुलेशन मोजून घ्या आणि प्रत्येक खांबाला अर्थ पोचलाय का ते मीटरनं बघायला सांगा. आकडे चांगले आले तर केबल तशीच राहू द्या, फक्त पेट्या उघडून टेपचे जॉइंट बदला. आकडे वाईट आले तर एकेक दिवा सोडवत पुन्हा मोजत जा. बहुतेकदा दोष सर्वांत खोलगट जागेतल्या पेटीत निघतो, जिथे उतारावरचं सगळं पाणी येऊन थांबतं. पहिली तीच उघडा.